सालीतल्या वाती

बाग

मोजणी विहिरीपासून सुरू होते. आठ-आठ झाडांच्या पाच ओळी. पहिल्या ओळीत एक ते आठ, दुसरीत नऊ ते सोळा, आणि तसंच पुढे चाळीसपर्यंत. चाळीसच्या पलीकडे बांध, बांधापलीकडे गहू. विहीर एक, मोट एक, बैलजोडी एक.

संत्र्याची कलमं शालूबाईने लावली. तेरा वर्षांपूर्वी ती कलमं वरूडकडून रेल्वेने आली, मलकापूर टेशनावर उतरली आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून बैलगाडीने धामणगाव बढ्यापर्यंत पोचली. अकराव्या खड्ड्यातलं कलम पहिल्याच उन्हाळ्यात वाळलं. तिथे शालूबाईच्या नवऱ्याने, उकंडरावाने, खाल्लेल्या संत्र्याच्या बिया टोचल्या. त्यातली एक जगली. म्हणून अकरा नंबरचं झाड बियाचं आहे. काटे जास्त, फळ आंबट. ते फळ उकंडराव एकटाच खातो आणि दरवर्षी एकच वाक्य बोलतो.

"अकराचं गोड आहे."

कोणी वाद घालत नाही.

झाड ३

लढाईचं पाचवं साल, डिसेंबरचा पहिला आठवडा. बागेचं पाणी तोडलेलं होतं. हिवाळ्यात संत्र्याला महिना-दीड महिना तहानलेलं ठेवतात. पानं मलूल होतात, काही गळतात, आणि संक्रांतीनंतर पाणी सोडलं की झाड एकदम फुलावर येतं. या तहानेला ताण म्हणतात. ताणावरच्या झाडाच्या फांद्या उघड्या दिसतात. म्हणूनच शालूबाईला सालीवरच्या तपकिरी जाळ्या दिसल्या. भुशाच्या, ओलसर, बोटभर रुंद, फांदीच्या बेचक्यापासून खोडाकडे उतरत गेलेल्या.

शेतकी खात्याचा शालिग्राम मलकापुराहून सायकलवर आला. तिसऱ्या झाडापाशी त्याने सायकल टेकवली आणि जाळी नखाने सोलून काढली. खाली साल नव्हती.

"हा अळीचा मांडव आहे, बाई. रातच्याले याच्याखालून येते, साल खाते, दिवसा भोकात जाऊन पडते. एका भोकात एकच."

"नवरा-बायको नाही?"

"नाही. म्हणून तर इतकी माजली."

बेचक्यातल्या भोकात त्याने सायकलच्या चाकाची जुनी तार घातली, फिरवली, बाहेर काढली. तारेच्या टोकाला काहीतरी पिवळट लागलं होतं. ते त्याने पायजम्याला पुसलं आणि कागदावर पेन्सिलीने लिहून दिलं:

तार घालून भोक साफ करणे.
घासलेटात भिजवलेल्या कापसाचा बोळा आत दडपणे.
तोंड चिखलाने बंद करणे.
संध्याकाळी भुसा झाडून ठेवणे, सकाळी पाहणे. ताजा दिसल्यास अळी जिवंत.

शालूबाईला वाचता येत नव्हतं. कागद उकंडरावाने वाचून दाखवला. दुसऱ्या ओळीवर तो थांबला आणि तीच ओळ पुन्हा वाचली.

बांध

"महिन्याले दोन बाटल्या भेटतात कंट्रोलच्या. त्या तू झाडाले पाजशीन, तर घरात उजेड कायचा?"

"सूर्याचा. दिवस बुडायच्या आत जेवून घेऊ."

"अन् पाणी? संक्रांतीच्या टायमाले गहू ओंबीवर येते. बैलाची जोडी एकच. अळीच्या तोंडी जाणाऱ्या झाडाले मोट हाकायची काऊन? मी तर म्हणतो, यंदा सारं पाणी गव्हाले देऊन टाकू."

बाग तशीच तहानेवर राहिली, तर होळीपर्यंत तिचं जळण होणार होतं. हे दोघांनाही माहीत होतं. मोट हाकणारा निवृत्ती जवळच बसून सोंदूर पिळत होता. सोंदूर म्हणजे मोटेचा दोर. त्याचे हात चालू होते, कानही.

"किती झाडं खराब निघाली तर बाग गेली म्हणायचं?" शालूबाईने विचारलं.

"एक."

"दहा."

"बाजारात नाही बसलो आपण, वं."

"बांधावर बसलो. सांगा."

उकंडरावाने गव्हाकडे पाहिलं. "पाच. बागेत ताज्या भुशाचं पाचाच्या वर एक बी झाड निघालं, तर पाणी गव्हाचं. मग मले अर्धी मोट बी मांगायची नाही."

"अन् पाच निघाले तर?"

"तर तुह्यावालं."

"कोणत्या दिवशी?" निवृत्तीने विचारलं.

"संक्रांतीले," शालूबाई म्हणाली.

"संक्रांतच काऊन?"

"त्या दिवशी कडू बोलायची मनाई राह्यते पंचांगात. हरले तर मनातल्या मनात हरतीन."

निवृत्ती हसला. "झाडा-गवताले लोखंड लावायची बी मनाई राह्यते."

"आपल्याले कुठं लोखंड लावायचं आहे," उकंडराव म्हणाला. "पाणी तोडलं का झालं."

अंगण

कापूस घरचाच होता. सरकी काढलेला, पाटीभर.

शेजारच्या अन्नपूर्णाबाईंना बोलावलं, कारण भोकं पन्नासच्या वर होती आणि गावात कापसाला अन्नपूर्णाबाईंसारखा हात नव्हता. मारुतीच्या देवळात त्यांच्याच वाती जात. राखेचं बोट लावून त्या तळहातावर कापूस वळत, तेव्हा वात नुसती होत नसे, उतरत असे. पोट जाड, वर बारीक शेंडी. शंभर वाती शेजारी ठेवल्या तर शंभरांच्या शेंड्या सारख्या.

शालूबाईला वात कधी जमली नाही. लग्न होऊन आली त्या वर्षी सासूने तिच्या वाती बघून विचारलं होतं की हे मांजराने ओकलं का. त्यानंतर तिला त्या कामाला कोणी बसवलं नाही. तिचा बोळा म्हणजे मुठीत चुरगळलेला कापूस.

"हे काय करून राह्यली वं," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "झाडाले बी लाज वाटीन."

"आत दडपायचंच तर आहे."

"आत दडपायचं म्हणून का काहीबी दडपाचं?"

त्यांनी वातीच वळल्या. जरा जाड, पण वातीच. घासलेटाच्या वाटीत बुडवून त्यांनी एक उभी धरली. शालूबाईला ती आवडली. तिला आणखी एक गोष्ट सुचली.

"तुमच्या शेंड्या बाहेर राहू द्या, अन्नपूर्णाबाई. चिखल लावला तरी दिसतीन. कोणतं भोक झालं, कोणतं राह्यलं, ते दुरून कळीन."

हे वाक्य तिचं होतं. नंतर तिने ते नाकारलं नाही.

झाड १ ते १६

शालूबाई. तार, बोळा, अंगठ्याने आत, वरून चिखल. चिखल वाळल्यावर सालीवर ठिगळ दिसे. आत काय आहे ते बाहेरून कळत नसे.

झाड १७ ते ४०

अन्नपूर्णाबाई. तार, वात, चिखल, आणि चिखलातून अर्धा बोट बाहेर आलेली पांढरी शेंडी. तिसऱ्या ओळीपासून पुढे बाग सजवल्यासारखी दिसू लागली. मळ्यावरून जाणारा माणूस थांबून विचारी, हा कोणता नवस. दोन्ही बाटल्या चार दिवसांत संपल्या.

घरात सगळे उजेडी जेवू लागले. उकंडरावाने तक्रार केली नाही. आडवं पडल्यावर अंधारात तो एवढंच म्हणे, "झोपली का तुह्यी झाडं?"

झाड १६, झाड १७

आठ दिवस गेल्यावर दोघी बायकांनी संध्याकाळी खराट्याने सगळा जुना भुसा झाडला. सकाळी पाहायला आल्या.

सोळाव्या झाडावर तीन ठिगळं. साल कोरडी. भुसा नाही.

सतराव्या झाडावर दोन शेंड्या, अजून पांढऱ्या. दोन्हींच्या शेजारी ओला, लालसर, नुकता काढलेला भुसा. एक अळी वातीच्या बाजूने नवीन वाट करून बाहेर येऊन गेली होती.

पहिल्या दोन ओळींत एकच झाड वाईट निघालं, अकरा. पुढच्या तीन ओळींत चौदा निघाली. एकूण पंधरा. पाच नव्हे, पंधरा. संक्रांतीला बारा दिवस होते.

अन्नपूर्णाबाई सतराव्या झाडाखाली बसल्या. "माह्या हाताची वात देवाले चालते अन् अळीले नाही चालत," त्या म्हणाल्या. आवाजात रडू नव्हतं, अपमान होता.

शालूबाईने चिखल फोडून एक वात ओढून काढली. शेंडी नाकाशी धरली. घासलेटाचा वास. शेंडीभोवतीचा चिखल तेलकट डागाळलेला. मग आतलं टोक नाकाशी धरलं. काही नाही. कोरडा कापूस, कडेला कुरतडलेला. तिने वात अन्नपूर्णाबाईंच्या हातात दिली.

त्यांनी दोन्ही टोकं हुंगली. वात तळहातावर आडवी ठेवून पाहिली. मग म्हणाल्या, "वात तर वर ओढणारच. तिले काय मालूम, झाड आहे का समई."

"शेंडी ठेवा असं मी म्हटलं होतं."

"तू म्हटलं होतं. पण वात कोण वळली?"

"आता दोघी वाटून घेऊ."

"घे. तुले जास्त घे," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, आणि शेजारच्या फांदीवरची शेंडी उपटून काढली.

कंदील

नव्या महिन्याचं घासलेट कंट्रोलच्या दुकानात अजून आलं नव्हतं. संक्रांतीनंतर येईल, असं दुकानदार म्हणत होता. घरात कंदिलाच्या टाकीत होतं तेवढंच.

उकंडरावाने गोठ्यात जायला कंदील उचलला, हलवला, कानाशी नेला.

"कंदिलाले बी अळी लागली काय?"

शालूबाई भाकरी थापत राहिली. तो काठी आपटत अंधारातच गोठ्यात गेला.

झाड १७ ते ४०, दुसऱ्यांदा

या वेळी अन्नपूर्णाबाईंनी वाती वळल्या नाहीत. त्यांनी कापूस मुठीत चुरगळला. त्यांना ते जमत नव्हतं. चुरगळता चुरगळता बोटं आपोआप गोल फिरत आणि शेंडी निघे. मग शालूबाई ती शेंडी तोडून टाके.

"आता मांजरानं ओकल्यासारखं झालं," शालूबाई म्हणे.

"हाव. आता बरोबर."

कंदिलातलं घासलेट एकोणतीसपर्यंत पुरलं. पुढच्या झाडांना नुसती तार आणि चिखल. तार अळीपर्यंत पोचली तर पोचली.

झाड ११

अकराचं भोक वेगळं होतं. बाकीची भोकं फांद्यांत होती, बोटभर खोल. हे खोडात, पहिल्या बेचक्यात होतं, आणि वीतभर आत गेल्यावर खाली वळत होतं. तार वळणापाशी अडे. शालूबाईने तिथे तीनदा बोळा घातला, कंदिलातलं घासलेटही पहिल्यांदा तिथेच ओतलं. दर वेळी दोन दिवसांनी चिखलाशेजारी लाल भुसा.

उकंडराव दुपारी याच झाडाखाली भाकर खायचा. बंडी याच्याच काट्याला अडकवायचा. त्याने तो भुसा पाहिला असणार. तो त्याबद्दल काही बोलला नाही, तीही बोलली नाही. झाडावर सहा-सात फळं राहिली होती, कोणी न तोडलेली.

भोगी

संक्रांतीच्या आदल्या दिवशी, ऊन कलल्यावर, नवरा-बायकोने मिळून चाळीसही झाडं झाडली. ती खराट्याने, तो गोणपाटाच्या तुकड्याने. एकमेकांचं झाडलेलं दोघांनी पुन्हा तपासलं. अकरा नंबरचं झाड त्याने स्वतः झाडलं, भोकात फुंकर घालून.

"लबाडी नको," तो म्हणाला.

"नाही करत. तुम्ही बी सकाळी आंघोळ करूनच या. मी लवकर येईन, पण हात नाही लावणार भुशाले."

संक्रांत

६
नाही. सहावं स्वच्छ होतं, पान पडलं होतं.

११
हो.

१९
हो.

२३
हो.

३०, ३३, ३८
हो, हो, हो.

शालूबाईने चाळीसपर्यंत जाऊन पुन्हा एकपासून मोजलं. सहाच. उजाडलं होतं. गव्हावर दव होतं. विहिरीपाशी निवृत्ती बैल जुंपत होता. आज पाणी कुठल्या बाजूला सोडायचं ते त्याला अजून कोणी सांगितलं नव्हतं.

तिने भुशाला हात लावला नाही. भुसा पुसला असता तरी अळी आत राहिली असती. उन्हाळ्यात तिचं पाखरू झालं असतं आणि ते चाळीसही झाडांवर अंडी घालत फिरलं असतं. पाच झाडांची भोकं उथळ होती. पुढच्या महिन्याचं घासलेट आलं की त्यांचं काम होण्यासारखं होतं. अकराचं नव्हतं. यापेक्षा जास्त विचार तिने केला असेल, तर तो ती विहिरीपर्यंत चालत गेली तेवढ्या वेळात केला.

"कुऱ्हाड द्या, निवृत्तीभाऊ."

"आज?"

"आज."

निवृत्तीने कुऱ्हाड दिली नाही. ती कुठे टेकवून ठेवली आहे तिकडे फक्त पाहिलं. शालूबाईने उचलून घेतली.

बारा वर्षांचं खोड मांडीएवढं होतं. ताणामुळे लाकूड कोरडं होतं, आवाज मोठा निघाला. पहिले घाव चुकले, एक तर बेचक्यातच अडकला. मग तिने लुगड्याचा पदर कमरेला खोचला आणि गुडघ्याच्या उंचीवर, एकाच जागी, मारत राहिली. झाड पडलं तेव्हा बंडी अडकवायची फांदी तिच्या खांद्याला ओरखडा काढून गेली.

उकंडराव आंघोळ करून, कपाळाला गंध लावून, ओंजळीत तीळ घेऊन आला. विहिरीपासून मोजत निघाला. पहिली ओळ. मग नऊ. दहा. मग थांबला.

"संक्रांतीच्या दिवशी झाडाले लोखंड लावलं?"

"तुम्ही कडू बोलू नका. तुम्हाले बी मनाई आहे."

तो तसाच पुढे गेला. बारा, तेरा. सगळ्या ओळी फिरला, प्रत्येक झाडाला हात लावून. परत यायला त्याला बराच वेळ लागला. हातातले तीळ केव्हा तरी सांडून गेले होते.

"पाच," तो म्हणाला. "अन् हे सहावं होतं."

"होतं."

"म्हणजे तू हरली होती."

"बागेत ताज्या भुशाची झाडं किती, असं ठरलं होतं. बागेत किती आहेत?"

उकंडरावाने निवृत्तीकडे पाहिलं. निवृत्तीने बैलाच्या मानेवरून हात फिरवला. "मी साक्षीले बसलो होतो, पाटील. वकिलीले नाही."

"हेच काऊन? अडतीस होतं. ते अर्धं वाळलेलंच आहे."

"अडतिसाचं भोक बोटभर आहे. तुमच्यावाल्याचं वाकडं होतं."

तिने कुऱ्हाड उलटी धरून बेचकं फोडलं. भोक आत वळत, खाली जात, मुळाकडे निघालं होतं, गुळगुळीत, करंगळी जाईल एवढं. तळाशी अळी होती. दीड बोट लांब, मातकट, डोकं काळं. उजेड लागल्यावर ती मागे सरकायला लागली, पण मागे जायला जागा नव्हती. उकंडराव वाकून पाहत राहिला. मग त्याने ती बोटांत धरून दगडावर ठेवली आणि चपलेने दाबली.

"तीनदा घासलेट पाजलं तरी?" त्याने विचारलं.

"तीनदा. कंदिलातलं बी पह्यले इथंच."

"मले वाटलं, तू माह्यं झाड म्हणून सोडून देऊन राह्यली."

"मी बी तुमच्याबद्दल तेच म्हणत होती. म्हटलं, हे सोडाले लावतीन."

निवृत्ती नाड्यावर, मोटेच्या जाड दोरावर, बसला. "पाणी?"

"बागेले," उकंडराव म्हणाला. आणि थोड्या वेळाने, तिच्याकडे न पाहता, "अकराचं आळं बुजव. खोडाले पाणी कायले."

पहिली मोट वर आली, थारोळ्यात, विहिरीच्या काठच्या कुंडीत, उपडी झाली, पाणी पाटातून एक नंबरच्या आळ्यात शिरलं. चाळीस दिवसांची कोरडी माती आधी फुसफुसली, मग गप्प झाली. अन्नपूर्णाबाई वाणाची बोरं-गाजरं घेऊन आल्या होत्या. त्या बांधावरच उभ्या राहून कोणती झाडं राहिली ते बोटांवर मोजत होत्या. एकोणचाळीसवर आल्या आणि पुन्हा एकपासून मोजायला लागल्या.

उकंडराव पडलेल्या फांद्यांत वाकला. काट्यांतून हात घालून त्याने एक फळ तोडलं, सोललं, अर्धं शालूबाईपुढे धरलं. तिने एक फोड तोंडात टाकली. डोळे मिटले, तोंड वाकडं झालं.

तो तिच्याकडे पाहत थांबला होता.

"आंबट आहे," ती म्हणाली.

"हाव," उकंडराव म्हणाला, आणि उरलेलं फळ खात पाटाकडे गेला. दुसऱ्या ओळीत पाणी पोचलं होतं. दहाचं आळं भरलं, अकराकडे वळलं. तिथे बुजवायचं राहून गेलं होतं. निवृत्ती बैल मागे हटवत होता, त्याला दिसलं नाही. उकंडरावाला दिसलं. तो फावडं हातात घेऊन तिथे उभा होता. आळं काठोकाठ भरेपर्यंत उभाच होता, आणि मग पाणी बाराकडे सोडलं.